दुपारी चारचा दवाखाना

अक्का कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पाणी मागायच्या. तहान लागलेली असो वा नसो. घरातली बाई तांब्या घेऊन वळली की अक्कांची नजर तिच्या मागोमाग जायची. पाणी कशात साठवलंय, वर झाकण आहे का, काढताना हात बुडतो का, भरलेल्या घागरी किती नि रिकाम्या किती, आणि त्या उचलायला घरात माणूस कोण आहे. एवढं सगळं टिपून त्या दोन घोट पाणी प्यायच्या, फरशीवर मांडी घालायच्या आणि मग म्हणायच्या, "हां. आता सांग, काय होतंय?"

मला हे विचित्र वाटायचं. माणूस समोर आला की आधी त्याचा त्रास विचारायचा, असं मी पाच वर्षं शिकून आलो होतो. या बाई त्रास सोडून घागरी मोजत बसायच्या.

मी तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. जेऊरचा, शेतकऱ्याच्या घरातला, आणि नुकत्याच मिळालेल्या डिग्रीचा ताठा अंगात असलेला. अक्का तिथल्या सर्वांत जुन्या सिस्टर. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. उंच, हडकुळ्या, कमरेला पदर खोचलेला, केसांत रोज अबोलीचा गजरा आणि पायांत पुरुषी चपला. हातात बारा महिने एक लांब काळी छत्री. सोलापुरात पावसासाठी छत्री बाळगणारा माणूस विरळाच. त्यांची छत्री उन्हासाठी असेल असं मला वाटलं होतं. पण ऊन असतानाही ती मिटलेलीच असायची. तिचा खरा उपयोग मी पहिल्याच आठवड्यात पाहिला. एका खोकल्याच्या पेशंटच्या घरी आम्ही गेलो. खोलीला वर एक झरोका होता, तो पुठ्ठा कोंबून बंद केलेला. अक्कांनी छत्रीच्या टोकानं पुठ्ठा भसकन बाहेर ढकलला. उजेडाचा एक पट्टा खाली पडला आणि त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगताना दिसले, कारण शेजारीच यंत्रमागाचा कारखाना होता.

"अय्यो, अक्का, कचरा येतो हो आत," घरातली बाई म्हणाली.

"कचरा खाली बसतो, तो झाडता येतो. खोकला कशानं झाडणार?" अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "डॉक्टर, आता तुमचं औषध द्या."

त्यांचे वडील मागावर होते आणि आई विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, अशा तीन भाषा त्यांच्या तोंडात एकाच वेळी नांदायच्या. एका दारात "एम्मा, बागुन्नावा?" म्हणून विचारपूस, पुढच्या दारात "क्या गे, दवा खाई क्या?" म्हणून दटावणी, आणि माझ्याशी बोलताना ठसठशीत सोलापुरी मराठी. भाषा बदलली तरी आवाज तोच राहायचा, चौथ्या घरापर्यंत ऐकू जाणारा. गुपित म्हणून सांगितलेली गोष्टसुद्धा त्या त्याच आवाजात सांगायच्या.

त्यांच्याशी माझं पहिलं भांडण झालं ते एका पाटीवरून. दवाखान्याच्या व्हरांड्यात, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, खिळ्याला एक शाळेतली काळी पाटी टांगलेली असायची. तिच्यावर अक्का रोज सकाळी खडूनं लिहायच्या: आज कुठल्या गल्लीला पाणी येणार. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नसे. चार-पाच दिवसांनी एकदा यायचं, आणि कुठल्या गल्लीला कधी, हे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यालाच ठाऊक. त्याला अक्का रोज सकाळी फोन करायच्या. त्या बदल्यात त्याचं बीपी आमच्याकडे रांगेशिवाय तपासलं जायचं.

एकदा वरचे साहेब पाहणीला येणार म्हणून मी ती पाटी काढून कपाटात ठेवली आणि तिथं स्तनपानाचं रंगीत पोस्टर लावलं. शिवाय महिन्याच्या लसीकरणाचं नवं वेळापत्रक केलं. तोवर अक्का मनाला येईल तसे दिवस ठरवायच्या. कधी सोमवार, कधी शनिवार, ताळमेळ नाही. मी ते शिस्तीत बसवलं. दर गुरुवारी, सकाळी नऊ ते बारा. कॉम्प्युटरवर छापून घेतलं, खाली सही केली.

अक्का ते वाचून म्हणाल्या, "या गुरवारी मागल्या गल्लीला पाणी हाय."

"मग?"

"मग कोण येतंय?"

"सिस्टर, लसीचा आणि पाण्याचा काय संबंध?" मी म्हणालो.

अक्का लसीचा डबा भरायला निघून गेल्या.

गुरुवारी मागल्या गल्लीतलं एकही मूल आलं नाही. आम्ही समाजमंदिराच्या ओट्यावर बारापर्यंत बसलो. अंगणवाडीच्या ताई दारोदार फिरून हात हलवत परत आल्या. मी चिडलो. "यांना फुकट लस दारात आणून दिली तरी नको. मग पोरं आजारी पडली की रडत येतील."

अक्कांनी डबा बंद केला, छत्री उचलली. "चला," म्हणाल्या.

त्यांनी मला थेट त्या गल्लीत नेलं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दारात चढावं लागेल, एवढी ती गल्ली. पाणी अकराला येणार होतं, ते तेव्हा कुठं सुटत होतं. प्रत्येक दारात घागरी, बादल्या, निळे पिंप, तेलाचे डबे. नळ प्रत्येकाकडे नव्हता. असलेल्या नळांतून करंगळीएवढी धार. एक बाई कडेवर तान्हं घेऊन दुसऱ्या हातानं पाईप धरून उभी होती. दुसरी बाळंत होऊन महिना झालेली, ती बादली उचलत होती. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली शाळेत न जाता रांगेत होत्या.

"पाणी एकदा गेलं की पाच दिवस न्हाई," अक्का म्हणाल्या. "लस पुढल्या गुरवारी बी हाय. तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं?"

मला एकदम माझी मोठी बहीण आठवली. जेऊरला आमच्या घरापासून विहीर लांब होती. मी ओसरीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो आणि ती डोक्यावर एक, कडेवर एक असे हंडे घेऊन समोरून जायची. दिवसातून चार-पाच खेपा. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती, मास्तर उघड म्हणायचे. मी डॉक्टर झालो याचं श्रेय घरात सगळेजण माझ्या अभ्यासाला देतात. त्या गल्लीत उभा राहेपर्यंत मीही देत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पाटी कपाटातून काढून खिळ्याला लावली. अक्कांनी खडू घेतला, लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते पोस्टर पण राहू द्या शेजारी. रंग चांगला हाय."

त्या काही देवमाणूस नव्हत्या, हेही सांगायला हवं. भांडखोर होत्या. औषधं देणाऱ्या फार्मासिस्टशी त्यांचं सहा महिने बोलणं बंद होतं. दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे, मध्ये चार पावलांचं अंतर असताना. फॉर्म भरायचा त्यांना विलक्षण कंटाळा. चहात चार चमचे साखर घ्यायच्या, आणि रक्तातली साखर तपासू म्हटलं की "मला काय धाड भरलीय" म्हणून उठून जायच्या. अख्ख्या भागाचं बीपी तपासणाऱ्या या बाईच्या दंडाला पट्टा गुंडाळायची माझी छाती झाली नव्हती.

एका शब्दाचा मात्र त्यांना मनापासून राग होता. गरोदर बायकांच्या कार्डावर शेरा लिहायला एक जागा असते. तपासणी चुकवणाऱ्यांच्या कार्डावर मी तिथं ‘निष्काळजी’ असं लिहायचो. माझ्या आधीचे डॉक्टरही लिहायचे. अक्का ते कार्ड उचलून परत माझ्या टेबलावर ठेवायच्या, शब्दावर बोट ठेवून उभ्या राहायच्या. मी "बघू" म्हणायचो आणि विसरायचो.

असं एक कार्ड रेश्माचं होतं. वय बावीस-तेवीस, दुसरं बाळंतपण, आठवा महिना. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस हैदराबादच्या बाजूला. घरी सासू आणि दोन वर्षांची मुलगी. रेश्मा एकदाच येऊन गेली होती. त्यानंतरच्या तिन्ही तपासण्या चुकल्या. मी शेरा मारून मोकळा झालो होतो.

एका मंगळवारी सकाळी अक्का कार्ड घेऊन आल्या. "हिच्याकडं जायचंय. तुमी पण चला."

"निरोप पाठवलाय ना आपण? येत नाही ती."

"म्हणून तर जायचं."

मे महिना होता. घर पत्र्याचं. बारा वाजायचे होते, पण आत पाऊल टाकलं तशी गरम हवा तोंडावर आली. रेश्मा भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं भराभर चालत होती. पान घेतलं, तंबाखू भरला, वळलं, दोऱ्यानं बांधलं, टाकलं. आमच्याकडे बघून ती हसली, पण बोटं थांबली नाहीत. तिचे पाय समोर पसरलेले होते आणि घोट्यापासून वर सुजलेले होते.

अक्कांनी पाणी मागितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच. त्या सरळ खाली बसल्या आणि तिच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"क्या गे, सर दुखता क्या?"

"हौ अक्का. कल से. आँखों के सामने चमचम होता."

मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. पारा जिथं थांबायला हवा होता त्याच्या बराच वर थांबला. मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. अशा बाईला कुठल्याही क्षणी झटके येऊ शकतात, आई आणि मूल दोघंही हातचे जाऊ शकतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. ते समोर विडी वळत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी गोळी दिली आणि मोठ्या दवाखान्याच्या नावे चिठ्ठी लिहिली. "ताबडतोब जायचं. आज, आत्ता." चिठ्ठी तिच्या सासूच्या हातात दिली आणि माझ्या परीनं माझं काम झालं म्हणून उठलो.

"चिठ्ठी लिवली म्हंजे बाई पोचली का, डॉक्टर?" अक्का बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "बसा खाली."

सासू रडवेली झाली होती. "नक्को अक्का, आज नक्को. परसों जाएगी ना. कल पानी का दिन है. मेरे से घागर उठती नै. बच्ची को कौन देखेगा?"

आणि रेश्मा म्हणाली, "आज की बीड़ी नै दी तो कल पत्ता नै मिलता."

तेव्हा मला समजलं. वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत रोज सकाळीच नेऊन द्यायच्या असतात, नऊ ते बारा. त्या दिल्या तर दुसऱ्या दिवसाची पानं आणि तंबाखू मिळतो. एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी काम नाही. आणि आमच्या दवाखान्याची वेळही सकाळी नऊ ते बारा. आमच्या भागातल्या निम्म्या बायका विड्या वळायच्या. ज्या वेळेला त्या येऊच शकत नाहीत तेवढ्याच वेळेला आम्ही दार उघडून बसायचो, आणि त्या आल्या नाहीत की कार्डावर शेरा मारायचो.

अक्का दारात गेल्या आणि त्यांनी आपल्या त्या आवाजात हाक मारली, "पद्मा!"

समोरच्या दारातून एक ठेंगणी, हाताला पीठ लागलेली बाई आली. दोघी तेलुगूत बोलल्या. मला फक्त ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी एवढं कळलं.

"उद्याचं हिचं पाणी ही भरणार," अक्का म्हणाल्या. "विड्या हिची जाऊ नेऊन देती, ती निघालीच हाय आत्ता. दोन दिवस रेश्माच्या नावानं पानं तीच आणंल, वळायला गल्लीतल्या चौघी बसतील. आजी, तुमी फकस्त सुनंसंगट जावा. आता ऱ्हायली पोरगी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. का कुणास ठाऊक, मी हात पुढे केले. रेश्माची मुलगी माझ्याकडे आली आणि तिनं माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप घट्ट धरला.

ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरणं शक्यच नव्हतं. अक्कांनी नाक्यावरच्या रिक्षावाल्याला बोलावलं. रेश्मा, सासू आणि अक्का रिक्षात. मागून मी मोटरसायकलवर निघणार होतो, पण कडेवर पोरगी घेऊन ती चालवणार कशी म्हणून शेवटी मोटरसायकल तिथंच सोडून दुसऱ्या रिक्षात. मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर त्या लोकांनी मात्र एक मिनिट दवडलं नाही. पण त्यांच्या दारापर्यंत येणं हेच किती लांबचं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

ऑपरेशन करावं लागलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रेश्माचं बीपी दुसऱ्या दिवशी उतरायला लागलं.

मुलगी झाली त्या संध्याकाळी आम्ही बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलो होतो. अक्कांनी कागदी पेल्यात चहा आणला होता. पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या.

"माज्या आईला क्षय झाला होता. मी नऊ वर्षांची. दवाखाना सकाळचा, आई विड्या देऊन येईपर्यंत बंद व्हायचा. कदी गोळ्या मिळायच्या, कदी न्हाई. एकदा पळत पळत गेली तर डॉक्टर लई बोलले सगळ्यांदेखत. कार्डावर कायतरी लिवलं लाल शाईनं. घरात मी एकटीच वाचणारी. आईनं विचारलं, काय लिवलंय गं?"

"काय लिहिलं होतं?"

"‘रुग्ण बेफिकीर आहे.’ मी म्हणले, लवकर बऱ्या व्हा, असं लिवलंय."

"मग?"

"मग काय. ती खूश झाली. पण परत गेली न्हाई तितं. लाजली."

"बऱ्या झाल्या का?"

"न्हाई," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आल्या आल्या मी कपाटातली सगळी कार्डं काढली. तो शब्द जिथं जिथं होता तिथं खोडला. खोडून त्या जागी काय लिहायचं ते कळेना. अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "का आली न्हाई ते लिवा." मग आम्ही दोघं दोन आठवडे घरोघर फिरलो आणि लिहीत गेलो. ‘विड्या द्यायची वेळ.’ ‘पाणी.’ ‘सासरा अंथरुणाला खिळून, सोडून येता येत नाही.’ ‘मागच्या वेळी ओरडलो म्हणून.’ ते शेवटचं तीन-चार कार्डांवर लिहावं लागलं. ओरडणारा मीच होतो.

मग मी वरच्या साहेबांना अर्ज केला. दवाखाना सकाळी ठेवाच, पण दुपारी चार ते सातही उघडा असावा. उत्तर आलं, नियमात बसत नाही, आणि लोकांनाच आरोग्याची आस्था नसताना वेळ वाढवून उपयोग काय. मी हताश झालो. अक्का म्हणाल्या, "साहेबास्नी बोलवा की बघायला."

साहेब आले, सकाळी दहाला. समाजमंदिराच्या ओट्यावर गरोदर बायकांच्या तपासणीचं शिबिर. गाजावाजा करून ठेवलेलं. बारापर्यंत मोजून तीन बायका आल्या. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "पाहिलंत? म्हणून म्हणतो मी."

"व्हय साहेब," अक्का नम्रपणे म्हणाल्या. "जेवून जावा."

"नको, मला मीटिंग आहे."

"कडक भाकरी हाय, शेंगाची चटणी हाय, दही हाय. घरची चटणी हाय, साहेब."

साहेब मूळचे माढ्याचे. शेंगाची चटणी म्हटल्यावर त्यांचा निश्चय डळमळला. जेवण झालं, ताक झालं. ओट्यावर पंखा होता, सतरंजी होती. अक्कांनी साहेबांची मुलं, त्यांची शाळा, आईचं गुडघ्याचं दुखणं, सगळं विचारलं. साहेबांनी मीटिंग फोनवर उरकली. मला वाटतं त्यांना डुलकीही लागली. आणि चार वाजायच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी बायका दिसायला लागल्या. एक, दोन, पाच. पोटुशा, कडेवर पोरं असलेल्या, बोटांना तंबाखूचा वास असलेल्या. बघता बघता ओटा भरला आणि रांग खाली रस्त्यावर गेली.

साहेब उठून उभे राहिले. "या सकाळी का नाही आल्या?"

"त्यांनाच विचारा की," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी खरंच विचारलं. एकीला, दुसरीला, पाचवीला. साडेपाचपर्यंत विचारत होते. जाताना मला म्हणाले, "तीन महिने करून बघा. लेखी पाठवतो." तीन महिने संपले तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आम्हीही आठवण करून दिली नाही.

चारचा दवाखाना सुरू झाला तसं एक दिवस मी अक्कांना म्हणालो, "आता तुम्हाला सबब नाही. तुम्हीपण या तपासायला."

"मला कुटं वेळ."

"चहा बंद करीन."

ही धमकी लागू पडली. त्या खरोखर रांगेत उभ्या राहिल्या, नंबर घेऊन, फार्मासिस्टच्या मागे. साखर बरीच निघाली. फार्मासिस्टनं गोळ्या दिल्या आणि जेवणाआधी घ्यायच्या की नंतर ते सांगितलं. थेट त्यांना. सहा महिन्यांतलं ते पहिलं बोलणं. अक्का म्हणाल्या, "ठाऊक हाय मला." पण त्या दिवसापासून त्यांचा चहा एका चमच्यावर आला. निदान माझ्यासमोर तरी.

पुढं त्या निवृत्त झाल्या आणि माझी बदली मंगळवेढ्याला झाली. रेश्माच्या सासूचा मध्ये फोन आला होता. ओंजळीएवढी ती पोरगी आता पहिलीत आहे आणि मोठ्या बहिणीला मारते, अशी तक्रार होती.

मागच्या हिवाळ्यात एका बैठकीसाठी सोलापूरला गेलो होतो. वेळ होता म्हणून जुन्या दवाखान्यात डोकावलो. साडेचार वाजले होते. माझ्या खुर्चीत एक तरुण डॉक्टरीण होती. हुशार, चटपटीत, दमलेली. व्हरांडा बायकांनी गच्च भरला होता.

"सर, हे चारचं कुणी सुरू केलं कुणास ठाऊक," ती म्हणाली. "इतकी गर्दी असते! सकाळी त्या मानानं शांत. गरोदर बायकासुद्धा भिंतीला टेकून उभ्या असतात हो. बसायला जागाच नाही. मी तीनदा लिहून पाठवलं वर."

मला सांगावंसं वाटलं, पण पुढचा पेशंट आत आला होता. बाहेर येऊन मी अक्कांना फोन लावला. म्हटलं, त्यांना बरं वाटेल. इतक्या वर्षांनी दवाखाना असा फुललाय म्हणून. सगळं सांगितलं. दवाखाना भरलाय, नवी डॉक्टर चांगली आहे, व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही.

पलीकडून त्यांनी विचारलं, "बायका उभ्या हायत?"

"हो, बऱ्याच."

"पोटुशा पण?"

"हो."

"बरं. ठेवते," म्हणाल्या आणि फोन बंद झाला. मी जरा हिरमुसलो.

आठ-दहा दिवसांनी त्या डॉक्टरणीचा फोन आला. ती हसत होती आणि वैतागलेलीही होती. "सर, परवा दुपारी एक उंच म्हातारी टेम्पो घेऊन आली. टेम्पोत तीन लांब बाकडी. कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातली, हिरवा रंग दिलेली. रंग अजून पुरता वाळला नव्हता हो, बायकांच्या साड्यांना लागला. माझी परवानगी नाही, काही नाही. स्वतः उभी राहून व्हरांड्यात लावून घेतली. मी म्हटलं, आजी, नोंद करावी लागेल, देणगी कुणी दिली ते लिहायला तुमचं नाव सांगा."

"मग?"

"माझ्यावरच ओरडली. म्हणाली, ‘नाव ऱ्हाऊ दे. ती उभी हाय बघ, तिला आधी बसव.’"